चोपन्नाव्या खुंटीवरचा ऑब्री

ऑब्री थर्लबीने साठ वर्षांत किती मासे पकडले असतील, ते त्यालाही सांगता यायचं नाही. पण आमच्या हॉल्बी फेन गावात लोकांना त्याचे तीनच मासे आठवतात, आणि तेही वजन न झालेले.

ती गोष्ट सव्वीस वर्षांपूर्वीची. हिवाळी लीगची शेवटची मॅच होती. आमच्याकडे संघ सहा जणांचा असतो. कालव्याच्या काठाचे सहा गट पाडतात आणि प्रत्येक गटात प्रत्येक संघाचा एक माणूस बसतो. संघ दहा, म्हणजे गटात माणसं दहा. ज्याच्या माशांचं वजन सगळ्यांत जास्त, त्याला दहा गुण, पुढच्याला नऊ, असं उतरत जायचं. गळाला लागलेले मासे वजन होईपर्यंत पाण्यातल्या जाळ्यात ठेवतात; ज्याचं जाळं कोरडं, म्हणजे रिकामं, त्याला मात्र सरळ शून्य. त्या दिवशी थंडी एवढी होती, की ऑब्रीच्या गटात निम्मी माणसं कोरडी राहिली होती. ऑब्रीला अंगठ्याएवढे तीन रोच मासे मिळाले. आदल्याच आठवड्यात त्याने अख्खी मॅच जिंकली होती आणि वजनाचा काटा घेऊन येणारे त्याचे रोजचे दोस्त होते. ते चेष्टा करतील, या विचाराने त्याने जाळं उलटं केलं, मासे पाण्यात सोडले, आणि काटेवाले आल्यावर म्हणाला, "माझ्याकडे काही नाही."

आमच्या संघाचा करंडक एका गुणाने गेला.

तेव्हाचा कप्तान होरेस फोव्हार्ग. त्याने ऑब्रीला नेहमीप्रमाणे आपल्या गाडीतून घरी सोडलं. वीस मैलांच्या रस्त्यात तो एक शब्द बोलला नाही. त्यानंतर मरेपर्यंत त्याने तो विषय काढला नाही. बाकीच्यांनी मात्र सोडलं नाही. आजही आमच्यात कुणी पाण्यातून जाळं वर घेऊ लागला, की बाजूने आवाज येतो, "थांब, आधी ऑब्रीला विचारून घे!" मी या गावात पंपहाऊसवर नोकरीला आलो, तेव्हा ऑब्री कोण हे कळायच्या आधी मला हे वाक्य पाठ झालं होतं.

आता संघाचा कप्तान आहे होरेसचा मुलगा, डेझ. ऑब्री एकाहत्तर वर्षांचा आहे. साखर कारखान्यातून निवृत्त झाल्याला त्याला सात वर्षं झाली. थंडीत त्याच्या बोटांची टोकं पांढरी पडतात, मेणबत्तीसारखी, आणि मग त्यांना काहीही कळत नाही. आमचा गळ तांदळाच्या दाण्यापेक्षा लहान आणि दोरा केसापेक्षा बारीक. डिसेंबरात एकदा ऑब्रीला गळाला किडा लावायला सात मिनिटं लागली. डेझने घड्याळ लावून पाहिलं होतं. त्यानंतर त्याने ऑब्रीला राखीव केलं आणि त्याच्या जागी मला घेतलं. तरीही दर मंगळवारी कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून, लांब दांड्याचं पातं चिखलातून ओढत, ऑब्री संघासाठी लालकिडे काढत राहिला. हिवाळ्यात मासे दुसरं काही खातच नाहीत, आणि त्याच्याइतके स्वच्छ किडे अख्ख्या फेनच्या पाणथळ मुलखात कुणी काढत नाही.

फेब्रुवारीतल्या शेवटच्या मॅचच्या चार दिवस आधी माझा अंगठा पंपाच्या झाकणाखाली सापडला. पाच टाके पडले. डेझने माझ्या बँडेजकडे पाहिलं, मग छताकडे पाहिलं आणि म्हणाला, "म्हणजे ऑब्री."

पहिल्या विभागात तळाला आम्ही आणि मार्शगेट, दोघे बरोबरीत होतो. रविवारी ज्याचे गुण जास्त तो राहणार, दुसरा खालच्या विभागात जाणार. हॉल्बी फेन बत्तीस वर्षं वरच्या विभागात आहे. होरेसच्या हातात कप्तानी आली, तेव्हापासून.

रविवारी सकाळी साडेसहाला आम्ही स्वान पबच्या मागच्या खोलीत जमलो. बेकन घातलेले पाव आणि मगभर चहा. खिडकीच्या काचेला आतून बर्फ धरलं होतं. ऑब्री लोकरीच्या टोपीत, दोन स्वेटर आणि बायकोने, मर्नाने, विणलेल्या बोटं नसलेल्या हातमोज्यांत येऊन बसला. त्याने किड्यांचे डबे टेबलावर मांडले. प्रत्येकावर पेन्सिलीने नाव लिहिलं होतं.

"काय रे पंप," तो मला म्हणाला, "झाकण मुद्दाम पाडून घेतलंस ना? खरं सांग."

"पाच टाके मुद्दाम कोण घेईल?"

"सोडतीत चोपन्न निघण्यापेक्षा मी तरी घेतले असते," विन्स म्हणाला. विन्स आमचा सगळ्यांत चांगला खेळाडू आणि सगळ्यांत तोंडाळ. चोपन्न नंबरची खुंटी, म्हणजे बसायची जागा, मंक्सच्या कालव्याच्या वळणावर आहे. पाणी उथळ, आडोसा नाही, वारा सरळ तोंडावर. तिथे आजपर्यंत पकडलेली सगळ्यांत मोठी वस्तू म्हणजे एक सायकल.

डेझने पाव खाली ठेवला. "ऑब्री, ऐक. मला आज तुझ्याकडून एकच गोष्ट हवी. शून्य नको. एक मासा चालेल. मुंगीएवढा चालेल."

"आणि पकडलास, तर कृपा करून जाळ्यातच ठेव," विन्स म्हणाला.

सगळे हसले. ऑब्रीही हसला. "सव्वीस वर्षं एकच विनोद. तुम्हाला दुसरा सुचत नाही, याचीच मला काळजी वाटते." मग चहात पाव बुडवत, कुणाकडेच न बघता तो म्हणाला, "शेजारी बसलेला माणूस मात्र कुणाच्या लक्षात नाही."

"कोण शेजारी?" मी विचारलं.

पण तेवढ्यात डेझने गाडीच्या किल्ल्या उचलल्या आणि सगळे उठले.

साडेआठला सोडत झाली. प्रत्येक कप्तान पिशवीत हात घालतो आणि आपल्या सहा जणांच्या खुंट्यांचे सहा नंबर काढतो. डेझ परत आला तेव्हा त्याने पाच बिल्ले वाटले आणि सहावा ऑब्रीच्या तळहातावर ठेवून त्याची मूठ बंद केली. ऑब्रीने मूठ उघडून पाहिलं.

"चोपन्न," तो म्हणाला. "सायकलीचं एखादं चाक राहिलं असेल."

माझं काम त्या दिवशी निरोप्याचं होतं. मॅच चालू असताना काठाने फिरायचं, कुणाच्या जाळ्यात काय आहे त्याचा अंदाज घ्यायचा आणि आपल्या माणसांना सांगायचं. साठ खुंट्या म्हणजे एका बाजूने पाऊण मैल. पूर्वेकडून वारा येत होता. आमच्याकडे समुद्रापर्यंत त्याला अडवायला एक कुंपणसुद्धा नाही. कालव्यावर अर्धा इंच जाडीचं बर्फ. गवताच्या पात्यांना मीठ लावल्यासारखं दहिवर.

बर्फ फोडण्यातच सगळ्यांचा पहिला तास गेला. कुणी फावडं आणलं होतं, कुणी दोरीला बांधलेली वीट. ऑब्रीकडे साखर कारखान्यातलं जुनं लोखंडी वजन होतं, कडीला दोरी बांधलेलं. मी त्याच्यापाशी पोचलो, तेव्हा त्याने समोर पाच मीटरवर एक मोठं भोक पाडलं होतं आणि दुसरं, ताटलीएवढं, पार पलीकडच्या बोरूपाशी. त्या लहान भोकात त्याने मातीत कालवलेल्या बारीक लालकिड्यांचे दोन गोळे टाकले आणि मग तिकडे बघायचंही बंद केलं.

"ते कशासाठी?" मी विचारलं.

"दुपारसाठी. सगळे आता ठोकाठोक करतायत, मासे घाबरून डोळे मिटून बसलेत. ते भोक मी सकाळभर झाकल्यासारखं ठेवणार. वर बर्फाचं छप्पर, खाली अंधार, कुणाची सावली नाही. यायचं असेल तर तिथेच येतील."

"आणि नाही आले तर?"

"तर तुला चोपन्नाचा सायकलीनंतरचा इतिहास लिहायला मिळेल."

पंचावन्नाव्या खुंटीवरून एका बाईचा आवाज आला. "अहो! तुमचं ते वजन मिळेल का जरा? माझ्याकडे काहीच नाही. मी बुटाने फोडायला बघत होते."

ती मॅक्सीन पॅलिस्टर. मार्शगेटची. तिकडच्या तीन गावांत टपाल वाटते. तिशीची, लाल जाकीट, आणि पायांत टपालखात्याचेच बूट असावेत. हिवाळी लीगमध्ये तिचा हा पहिलाच मोसम होता. आतापर्यंत ती खासगी तळ्यांवर कार्प धरायची, जिथे माणूस चार तासांत पन्नास किलो काढतो.

मी ऑब्रीकडे पाहिलं. ती मार्शगेटची आहे, हे मी डोळ्यांनी सांगायचा प्रयत्न केला. त्याने दोरी गुंडाळली आणि वजन माझ्या हातात दिलं. "नेऊन दे तिला. आणि सांग, लांब फेक, पायाशी फोडू नको. पायाशी फोडलं की सगळा गाळ उठतो."

"ऑब्री, ती मार्शगेटची आहे."

"मग काय तिने पोहायला जायचं?"

मी वजन नेऊन दिलं.

दहाला शिट्टी झाली.

पहिल्या दोन तासांत काय झालं, ते सांगायला काही नाही, कारण काहीच झालं नाही. गळाची अकरा मीटर लांब काठी तुकड्यातुकड्यांनी जोडावी लागते, आणि त्या दिवशी ते जोड गोठून एकमेकांना चिकटत होते. ऑब्री प्रत्येक जोड काखेत धरून गरम करायचा, मग सोडवायचा. काठीच्या टोकाला दोऱ्यावर बर्फाचे मणी धरत होते, ते तो टोक पाण्यात बुडवून विरघळवायचा. दोऱ्यावर तरंगणारा तरंडा सुईएवढा. तो बुडाला तर बुडाला म्हणायचं, कारण वाऱ्याने डोळ्यांत पाणी येऊन तसंही काही दिसत नव्हतं.

मी तिसऱ्या फेरीला आलो, तेव्हा तो गळाला किडा लावत होता. हात मांडीवर टेकवलेले, ओठ घट्ट मिटलेले. बोटं दुसऱ्याचीच असल्यासारखी. किडा पडला. दुसरा घेतला. तोही पडला. मी पुढे झालो.

"मागे हो," तो म्हणाला. "नियम आहे. मॅचमध्ये दुसऱ्याने सामानाला हात लावायचा नाही."

"कुणी बघत नाहीये."

"मी बघतोय ना."

त्याने बोटं तोंडात घातली, चोखली, पुन्हा प्रयत्न केला. पाचवा किडा लागला. मी घड्याळ पाहिलं नाही.

विन्सच्या गटात बरं चाललं होतं. त्याला एक पर्च मिळाला होता, वीतभर, आणि तो त्याच्याबद्दल अशा आवाजात बोलत होता की जणू काठीने देवमासा ओढलाय. डेझकडे सहा लहान रोच. बाकीच्या तिघांकडे थोडं थोडं. मार्शगेटच्या निरोप्याला मी पुलावर भेटलो. दोघांच्याही नाकातून पाणी गळत होतं. अशा वेळी निरोपे खोटं बोलत नाहीत. आकडे लपवून काय करणार, सगळं काठावर उघडंच असतं. आम्ही वह्या जुळवल्या. पाच गटांत दोन्ही संघ बरोबरीत येत होते. फार तर एखाद्या गुणाचा फरक.

"म्हणजे शेवटचा गट," तो म्हणाला.

"शेवटचा गट," मी म्हणालो.

पावणेदोनला मी धावतच चोपन्नावर आलो. ऑब्रीचं जाळं कोरडंच होतं. त्याच्या हनुवटीवरच्या दाढीच्या खुंटांत बर्फ अडकलं होतं.

"सगळं इथे येऊन थांबलंय," मी हळू आवाजात सांगितलं. "बाकी बरोबरीत आहे. तुझ्या गटात पाच जणांकडे बऱ्यापैकी मासे आहेत, तिघे कोरडे. शेजारणीकडे दोन आहेत, बोटाएवढे. आणि तू."

"आणि मी," तो म्हणाला. "कोरडा."

"आता एक जरी मिळाला..."

"पंप, मला मोजता येतं. कारखान्यात चाळीस वर्षं गोण्याच मोजल्या."

त्याने जवळच्या भोकातला दोरा वर घेतला. काठीला शेवटचे दोन तुकडे जोडले आणि टोक हळूहळू पलीकडे सरकवलं, बोरूपाशी, त्या ताटलीएवढ्या भोकावर. भोकावर पुन्हा पापुद्रा धरला होता. त्याने काठीच्या टोकाने तो इतका हलकेच दाबला, की आवाजसुद्धा झाला नाही. तरंडा आत सोडला.

दोन वाजले. सव्वादोन झाले. वारा काठी ढकलत होता. एवढ्या लांबीची काठी त्या वाऱ्यात स्थिर धरायची, तर खांदे, पाठ, मांड्या, सगळं लागतं.  मला वाटलं तो सोडून देईल.

अडीचला पाच कमी असताना तरंडा बाजूला झुकला. बुडाला नाही, फक्त झुकला. मला तर तो वाराच वाटला. ऑब्रीने मनगट जेमतेम एक इंच उचललं.

काठी मागे घ्यायला त्याला एक मिनिट लागलं असेल. एकेक तुकडा मागे सरकवत, टोक खाली ठेवून. दोऱ्याच्या शेवटी काहीतरी हलत होतं, पण इतकं लहान, की दोऱ्याला ते आहे का नाही हे कळत नव्हतं. रफ होता. काटेरी पंखाचा, मोठ्या डोळ्यांचा, शेवाळी रंगाचा. आमच्याकडे उन्हाळ्यात तो गळाला लागला तर लोक तोंड वाकडं करतात. ऑब्रीने त्याला ओल्या तळहातावर घेतलं. गळ काढायला बोटं चालेनात, म्हणून दातांनी दोरा धरला आणि नखाने गळ मागे ढकलला. रफने काटे उभारले. ऑब्रीच्या अंगठ्यातून रक्त आलं. त्याला ते कळलंही नाही.

मासा जाळ्यात गेला तेव्हा ऑब्री जाळ्याच्या तोंडावर वाकून किती तरी वेळ आत बघत राहिला.

शिट्टी झाली.

काटेवाले एक्कावन्नाव्या खुंटीपासून सुरुवात करणार होते. जाळं काटा येईपर्यंत पाण्यातच ठेवायचं असतं, म्हणजे मासे जिवंत राहतात. ऑब्री थर्मासचं झाकण उघडायच्या खटपटीत होता. मी आनंदाने पाय आपटत होतो. एका माशाने आम्ही तिघा कोरड्यांच्या वर गेलो होतो. आता मार्शगेटपेक्षा आणखी कुठे एक-दोन गुण जास्त निघाले, तर...

तेव्हा मला दिसलं, की पंचावन्नाव्या खुंटीवर मॅक्सीन आपलं जाळं ओढून वर घेतेय.

तिचं सगळं सामान आवरून झालं होतं. ती उड्या मारून पाय गरम करत होती आणि एका हाताने जाळं वर ओढत होती. जाळ्याचा तळ पाण्याबाहेर आला. त्यात दोन चंदेरी ठिपके उसळले. तिने जाळ्याचा तळ धरला आणि पाण्याच्या बाजूला वाकवायला लागली.

ती ते सोडून देणार होती. मला लगेच कळलं का ते. तळ्यांवर कुणी चार-पाच किलोंच्या खाली काटा मागत नाही, मागितला तर तो आगाऊपणा. ती दोन पिटुकल्यांसाठी काटेवाल्यांना वाकायला लावायला लाजत होती. आणि तिने ते सोडले, की ती कोरडी. तिला शून्य. ऑब्री एक पायरी वर. आम्ही वरच्या विभागात.

मी काहीही बोललो नाही. हे लिहितानाही मला ते नीट सांगता येत नाही. मी बुटांकडे बघायला लागलो. माझे बूट त्या क्षणी मला फार महत्त्वाचे वाटले.

"ए पोरी!" ऑब्री ओरडला. त्याचा आवाज थंडीने फाटला होता. "जाळं खाली!"

मॅक्सीन दचकली. "काय?"

"जाळं पाण्यात टाक. काटा येऊ दे."

"अहो, दोनच आहेत, एवढे एवढे." तिने बोटाचं पेर दाखवलं. "कशाला त्यांना त्रास? हसतील."

"हसू दे. हसले तर माझ्याकडे पाठव."

"आमच्या तळ्यावर..."

"हे तळं नाही. त्या दोन माशांचे तुझ्या संघाला पाच गुण आहेत. सोडलेस तर शून्य."

तिने जाळं धरलं होतं तसंच धरून ठेवलं. टपालवाल्या माणसांना आकडे पटकन जमतात. ती ऑब्रीकडे बघत होती, मग त्याच्या जाळ्याकडे.

"आणि तुमच्याकडे किती?"

"एक."

"म्हणजे मी सोडले असते तर..."

"आधी जाळं खाली घे," ऑब्री म्हणाला. "मासे गारठतायत."

तिने जाळं सोडलं. पाण्यात चुबुक असा आवाज झाला. मी ऑब्रीकडे बघितलं. तो थर्माससमोर बसला होता आणि झाकण अजून उघडलं नव्हतं. मी ते उघडून दिलं. मॅच संपली होती. आता नियम नव्हता.

काटेवाले आले. ऑब्रीने स्वतः जाळं उचललं. मासा काट्याच्या पिशवीत पडला तेव्हा काटा हलला का नाही, हे बघायला तिघे जण वाकले.

"अकरा ग्रॅम," काटेवाला म्हणाला आणि लिहिलं. तो हसला नाही. त्या दिवशी कुणीच कुणाला हसत नव्हतं. पूर्ण गटात सगळ्यांत मोठं वजन सातशे ग्रॅमचं होतं. मॅक्सीनचे दोन रोच तेवीस ग्रॅम भरले.

स्वानमध्ये निकाल वाचला गेला तेव्हा खोलीत ओल्या लोकरीचा आणि मटाराच्या सूपचा वास होता. बाकीच्या पाच गटांत दोन्ही संघांचे एकोणतीस-एकोणतीस झाले होते. शेवटच्या गटात मॅक्सीनला पाच, ऑब्रीला चार.

मार्शगेट चौतीस. हॉल्बी फेन तेहतीस.

डेझने ग्लास टेबलावर ठेवला आणि त्याच्या बुडाखालचं ओलं वर्तुळ बोटाने पुसलं. "एक गुण," तो म्हणाला. "पुन्हा एक गुण."

"पण ऑब्रीने मासा आणला," मी म्हणालो. "चोपन्नावरून."

"आणला. मी कुठे नाही म्हणतोय? छान केलंस, ऑब्री. खरंच."

ऑब्रीने मान हलवली. त्याचे हात सूपच्या वाडग्याभोवती होते. बोटांमध्ये हळूहळू रंग येत होता, आणि तो येताना किती दुखतं हे मला त्याच्या चेहऱ्यावरून कळत होतं.

तेवढ्यात विन्स बारकडून परत आला. "ऐकलंत का? ती मार्शगेटची टपालवाली म्हणे जाळं उलटंच करत होती! मासे सोडूनच देणार होती! आणि कुणीतरी तिला थांबवलं. कुणीतरी गाढवाने बसल्या जागेवरून ओरडून सांगितलं, की बाई, सोडू नको!"

"कोण?" डेझने विचारलं.

"ते नाही सांगत कुणी. पण असला गाढव..."

"मी," ऑब्री म्हणाला.

विन्सच्या हातातला ग्लास तसाच राहिला. शेजारच्या टेबलावर मार्शगेटवाले मोठ्याने गात होते. त्यांच्यात मॅक्सीन गात नव्हती. ती आमच्याकडे बघत होती.

"तू," डेझ म्हणाला.

"मी."

"तुला माहीत होतं, गुण कसे आहेत?"

"पंपने सांगितलं होतं. पावणेदोनला."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. मी गप्प राहिलो होतो, हे सांगायला हवं होतं. तेवढंच मला जमलं नाही.

ऑब्री सावकाश बोलला. "त्या वर्षी माझ्या शेजारी ज्या संघाने करंडक नेला त्यांचाच माणूस होता. मी जाळं वर घेतलं तेव्हा त्याने पाहिलं. आमची नजरानजर झाली. त्याने तोंड फिरवलं आणि डबे आवरायला लागला. एक हाक मारली असती त्याने तर... त्याचा काही दोष नाही, त्याला सांगायची सक्ती नव्हती. पण त्याची ती पाठ मला अजून दिसते. हिरवा कोट होता. इतकंच."

मग त्याने सूप प्यायला सुरुवात केली.

विन्स खाली बसला. त्याने ग्लासातला फेस फुंकून बाजूला केला. मग तो म्हणाला, "म्हणजे तुझ्यामुळे आम्ही दोनदा गेलो. एकदा स्वतःचे मासे सोडून, एकदा दुसऱ्याचे सोडू न देऊन."

"नवा विनोद," ऑब्री म्हणाला. "चला, सव्वीस वर्षांनी का होईना."

कुणी हसलं नाही. डेझ उठला, कोट घेतला. "गाडीत बसा."

डेझ चालवत होता, ऑब्री शेजारी, मी मागे सामानात अडकून. बाहेर बीटाची काळी शेतं आणि मावळतीची एक लाल फट. एक मैल गेला. दुसरा गेला. डेझ गप्प. ऑब्री समोर काचेतून बघत होता, टोपी मांडीवर, दोन्ही हात टोपीवर. मागून मला त्याची मान दिसत होती आणि ती हळूहळू कॉलरमध्ये जात होती. मला माहीत होतं तो कुठली गाडी आठवतोय. डेझलाही माहीत असणार. त्या रात्री बाप घरी आला, तेव्हा तो अठरा वर्षांचा होता.

रेल्वे फाटकाशी डेझने गाडी थांबवली. फाटक उघडंच होतं. त्याने हीटर पूर्ण सोडला, ऑब्रीच्या हातांकडे वळवला, आणि सुरू झाला.

"तू मूर्ख आहेस. मी पाहिलेला सगळ्यांत मोठा मूर्ख. बत्तीस वर्षं! तुला कुणी विचारलं होतं? ती तुझी मुलगी आहे? भाची आहे? तिने काय तुझं टपाल फुकट आणलं होतं?"

"ती आमच्याकडे येत नाही. तिचा भाग वेगळा."

"गप्प बस! आणि ते हातमोजे! एकाहत्तर वर्षांचा माणूस बोटं नसलेले मोजे घालून येतो. डिसेंबरपासून सांगतोय, खिशात गरम करायच्या पुड्या मिळतात त्या घे. नाही. का? कारण मर्नाने विणलेत. आणि एवढ्या वाऱ्यात बसून त्या लांबच्या भोकावर शेवटच्या पाऊण तासात जातोस? बाराला का नाही गेलास?"

"बाराला गेलो असतो तर छप्पर मोडलं असतं."

"छप्पर म्हणे!"

डेझ बोलत राहिला. फाटकापासून चर्चपर्यंत, चर्चपासून पंपहाऊसपर्यंत. त्याने हातमोजे काढले, चोपन्नावरची सायकल काढली, ऑब्रीच्या जुन्या व्हॅनचा सायलेन्सर काढला, १९९८ साली ऑब्रीने त्याच्याकडून नेलेली आणि परत न दिलेली शिडी काढली. एकदा त्याचा आवाज फाटला, तेव्हा त्याने खोकला आल्यासारखं केलं. ऑब्री अधूनमधून उत्तर देत होता, प्रत्येक वेळी थोडा सरळ बसत. शेवटच्या दोन मैलांत त्याची मान कॉलरमधून पूर्ण बाहेर आली होती.

त्याच्या घरापाशी गाडी थांबली. स्वयंपाकघराच्या खिडकीत मर्ना दिसली. मी डिकी उघडून सामान खाली काढलं: पेटी, काठ्यांची पिशवी, ओलं जाळं.

"मंगळवारी किडे काढायला जाशील तेव्हा मला बोलाव," डेझ काचेतून म्हणाला. त्याचा आवाज बसला होता. "खालच्या विभागात मॅचेस लहान कालव्यावर आहेत. बारीक किडे जास्त लागतील. आणि तू एकटा कमरेभर पाण्यात उतरायचं नाहीस यापुढे. ऐकलंस?"

"ऐकलं," ऑब्री म्हणाला. तो सामान चाचपत होता. पेटीचं झाकण उघडून बघितलं, पिशवी हलवून बघितली.

"काय शोधतोयस?"

"माझं लोखंडी वजन."

मला एकदम आठवलं. "ते मॅक्सीनकडेच राहिलं."

डेझने काचेतून डोकं बाहेर काढलं.

"मॅक्सीनकडे," डेझ म्हणाला. "म्हणजे तिला बर्फ फोडायलाही तूच दिलं होतंस."

"तिच्याकडे काही नव्हतं, डेझ. बुटाने फोडत होती."

डेझने किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. मग दार उघडून तो खाली उतरला, दोन्ही हात कमरेवर ठेवले आणि पहिल्यापासून पुन्हा सुरू झाला. मर्ना दारात येऊन बघायला लागली. ऑब्री जाळं खांद्यावर टाकून फाटकापाशी उभा होता. जाळ्यातून त्याच्या बुटांवर पाणी ठिबकत होतं. आत जायची त्याला अजिबात घाई दिसत नव्हती.